केबल कुठल्या टोकाकडून घालायची? सांगलीतल्या एका जुन्या डक्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत जमिनीखालच्या कुठल्याही कामाची सुरुवात नदीपासून करावी लागते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत ते पुन्हा गावभागात शिरलं. दोन्ही वेळा लोकांनी घरं धुतली, दुकानांतला गाळ घमेल्यांनी उपसला. रस्त्याखाली मीटर-दीड मीटरवर पडलेल्या डक्टच्या नळीत काय गेलं, हे बघायला मात्र कोणी गेलं नाही. आत केबलच नव्हती, तर बघणार कशाला?

ही नळी २०१९ च्या आधी टाकलेली. ४० मिलिमीटर बाहेरचा व्यास, ३३ मिलिमीटर आतला, एचडीपीईची (टणक पॉलिथिलीनची), ज्याला आमच्या धंद्यात ‘पीएलबी डक्ट’ म्हणतात. नळी तयार होतानाच तिला आतून सिलिकॉनयुक्त घट्ट वंगणाचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे केबल सहज सरकते. नव्या डक्टचा घर्षण गुणांक ०.०६ च्या आत असावा अशी अपेक्षा असते. ‘पीएलबी’तल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘कायमचं’. त्या शब्दावर किती विसंबायचं, ते पुढे येईलच.

ग्राहक म्हणजे गावात दोन ठिकाणी कचेऱ्या असलेली एक संस्था. विश्रामबाग बाजूच्या कचेरीपासून गावभागातल्या कचेरीपर्यंत ३,१०० मीटरची लाइन आणि वाटेत सहा चेंबर, म्हणजे डक्टची तोंडं जिथे उघडतात ते बांधलेले खड्डे. १ ते २ हे अंतर ५२० मीटर, २ ते ३ हे ५६०, ३ ते ४ हे ७००, ४ ते ५ हे ६४० आणि ५ ते ६ हे ६८०. केबल ऑप्टिकल फायबरची, ४८ कोअरची (म्हणजे आत ४८ काचेचे तंतू), विनाआर्मर (धातूचं कवच नसलेली), किलोमीटरला साधारण १३० किलो वजनाची. ४ किलोमीटरचा एकच ड्रम आधीच विकत घेऊन ठेवलेला. ओढताना तिच्यावर जास्तीत जास्त २,७०० न्यूटन, म्हणजे साधारण २७० किलोचा ताण चालतो, असं तिच्या कागदावर लिहिलेलं.

मी ग्राहकाच्या बाजूने देखरेखीला होतो. ठेकेदार तरुण, हुशार आणि घाईतला. त्याच्या टोळीचे मुकादम साठीला आलेले. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही म्हणायला लागलो. ओळख पटू नये म्हणून ठिकाणांचे आणि माणसांचे बाकीचे तपशील मी बदलले आहेत. कामाचे आकडे मात्र माझ्या वहीतलेच आहेत.

पहिला फटका

ड्रम चेंबर ३ वर उभा केला. कारण एवढंच, की तिथे मोकळं मैदान होतं. चेंबर ५ गल्लीत, एका बाजूला दुकानांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला गटार. ड्रम कुठे ठेवायचा हे आम्ही जागा बघून ठरवलं. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक तीच, आणि ती होत असताना आमच्यापैकी कोणाला तो निर्णय वाटलाही नव्हता.

३ कडून २ कडे केबल बिनबोभाट गेली. २ कडून १ कडे जाताना शेवटच्या शंभरेक मीटरला जड व्हायला लागली. आठ माणसं दोरीला होती. मी जेवायला गेलो होतो. परत येतो तर केबल चेंबर १ मध्ये पोचलेली आणि सगळे खुशीत. शेजारी दुसऱ्याच कामावर आलेला जेसीबी होता. त्याच्या बकेटला दोरी बांधून एक झटका दिला होता.

“सायेब, आली की अल्लाद,” तात्या म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून तो कुठे किती घटतो ते रेघेने दाखवणारं यंत्र) लावला. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर लाइन जवळपास ठीक दिसत होती. १५५० वर घेतल्यावर मात्र त्याच भागात रेघ उताराला लागलेली दिसली. एका बिंदूवर पायरी नव्हती, दोन-अडीचशे मीटरभर उतारच वाढलेला होता. चांगल्या फायबरला १५५० वर किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास घट अपेक्षित असते, इथे ती तिप्पट झालेली. १५५० वर घट जास्त आणि १३१० वर कमी, हे फायबर आत कुठेतरी वाकल्या-दबल्याचं लक्षण. केबल तुटलेली नव्हती, पण आतून दुखावलेली होती. अशी केबल त्या दिवशी चालते. पुढे काय होईल ते कोणी सांगू शकत नाही.

तेव्हापासून एक नियम झाला की दोरीला यंत्र बांधायचं नाही. नियम करून प्रश्न सुटला नव्हता, कारण खरा अवघड भाग अजून पुढेच होता.

अडचण

उरलेली केबल मैदानात आठच्या आकड्यात पसरली. असं पसरलं की पीळ पडत नाही आणि दुसरं टोक मोकळं होतं. मग ३ कडून ४ कडे ओढली. सातशे मीटर, जड पण गेली. ४ कडून ५ कडे घेताना ती ४१२ व्या मीटरला थांबली.

थांबली कशी, हे नीट सांगायला हवं, कारण निदान त्यातच होतं. दोरी आधी हळूहळू जड होत गेली. दोनशे मीटरला चार माणसं, तीनशेला सहा, चारशेला आठ. आणि मग एकदम भिंत. ओढा, ढिलं सोडा, पुन्हा ओढा, तरी एक इंचभर सरकायला तयार नाही. हळूहळू जड होणं हा एक आजार, अचानक अडणं हा दुसरा. पहिला घर्षणाचा, दुसरा अडथळ्याचा. आम्हाला दोन्ही झाले होते आणि दीड दिवस आम्ही त्यांना एकच समजून औषध करत होतो.

त्या दीड दिवसातली औषधं सांगतो. टोळीतल्या एकाने साबणाच्या पावडरीचं पाणी बनवून चेंबरमधून ओतायला घेतलं. मी थांबवलं. साबणाचं पाणी वाळलं की चिकट होतं, आणि डिटर्जंटसारखी रसायनं ताणाखाली असलेल्या पॉलिथिलीनला कालांतराने तडे पाडतात. पॉलिथिलीन तड्यांना किती टिकतं याची प्रयोगशाळेतली चाचणीच मुळी तसल्या द्रावणात बुडवून घेतात. ग्रीस किंवा इंजिनाचं तेल नको, कारण ते आवरणात मुरतं आणि आवरण फुगतं. एका वायरमनने शंखजिऱ्याची पूड सुचवली. घरातल्या कोरड्या पाइपातून वायरी ओढताना ती छान चालते, मीही वापरली आहे. पण या नळीत ओल होती. ओल्या नळीत शंखजिरं म्हणजे भाकरीचं पीठ.

वळण गुणतं, सरळ भाग मिळवतो

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी ठेकेदाराला वहीत एक हिशेब मांडून दाखवला. तो इथे देतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत.

बैलाचं दावं खुंट्याला नुसतं धरलं तर बैल ओढून नेतो. तेच दावं खुंट्याला दोन वेढे घेऊन पोराच्या हातात दिलं तर पोरगंही बैल धरून ठेवतं. वेढ्यागणिक घर्षण वाढतं, पण ते बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. डक्टमधलं प्रत्येक वळण हा अर्धवट वेढाच असतो. फरक इतकाच, की इथे आपण बैलाच्या बाजूला असतो.

४ ते ५ या टप्प्यात काटकोनातली तीन वळणं होती आणि तिन्ही चेंबर ५ पासून नव्वद मीटरच्या आत. गाळ बसलेल्या नळीचा घर्षण गुणांक ०.३ धरला तर तीन काटकोन मिळून ताण ४.१ पट होतो. सरळ भागात मात्र साधा हिशेब: ६४० मीटर केबलचं वजन ८३ किलो, त्याला ०.३ ने गुणलं की २५ किलो. आता समजा ड्रमकडून, किंवा आठच्या ढिगातून, केबल निघताना मागे १० किलोची ओढ आहे.

४ कडून घातली तर वळणं शेवटी येतात. म्हणजे १० अधिक २५, झाले ३५. त्याची ४.१ पट, १४३ किलो.

५ कडून घातली तर वळणं सुरुवातीलाच लागतात. १० ची ४.१ पट ४१, अधिक सरळ भागाचे २५, झाले ६६ किलो.

तीच नळी, तीच केबल, तोच गाळ. टोक बदललं की ताण निम्म्याहून कमी. आणि ५ वर माणसं उभी करून मागची ओढ शून्यावर आणली, म्हणजे ड्रम हाताने फिरवत केबल ढिली पुरवली, तर गुणायला काही उरतच नाही. मग राहतात फक्त २५.

ठेकेदार बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे पुढं ओढणाऱ्या आठापेक्षा मागं पुरवणारी दोन माणसं महाग?” याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

हिशेबात सोय म्हणून बरंच सोपं केलं आहे. डक्ट वेटोळ्यात येते आणि सरळ केली तरी वेटोळं विसरत नाही. त्यात सांगलीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नळीला खालीवर ढकलत राहते. त्या बारीक लाटाही वळणंच. दर मीटरला अर्धा अंश म्हटलं तरी ६४० मीटरला ३२० अंश होतात. त्यामुळे खरा ताण कागदापेक्षा जास्त येणार, हे गृहीत होतं.

पर्याय

जेसीबीचा पर्याय आम्ही बाद केला होता. तो पुन्हा पुन्हा पुढे येत राहिला, पण बादच राहिला.

दुसरा पर्याय वळणांच्या जागी रस्ता खोदून मधे चेंबर बांधण्याचा. तांत्रिकदृष्ट्या उत्तम. पण खोदाईची परवानगी, रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क आणि गल्लीतल्या दुकानदारांची समजूत. तीन वळणांना तीन खड्डे म्हणजे ग्राहकाचं अंदाजपत्रक कोलमडलं असतं.

तिसरा, ज्याच्या बाजूने मी होतो, तो हवेने केबल घालण्याचा, म्हणजे ब्लोइंगचा. कंप्रेसरमधून ८ ते १२ बारच्या दाबाची हवा सोडतात आणि मशिनचा पट्टा केबलला मागून ढकलतो. हवा केबलच्या पूर्ण लांबीवर तिला पुढे रेटत असल्याने कुठल्या एका जागी ताण साठत नाही. ताणच नाही, तर वळण गुणणार कशाला? चांगल्या नळीत एका दमात किलोमीटर-दोन किलोमीटर जातं. पण नळी हवाबंद हवी. आम्ही एक टोक बंद करून दाब भरला, तर काटा डोळ्यांदेखत खाली आला. कुठले कपलर, म्हणजे नळीचे तुकडे जोडणारे सांधे, गळत होते हे शोधायला सगळी लाइन खोदायला हवी होती. ब्लोइंगचा विचार तिथेच संपला.

चौथा पर्याय केबलच बदलण्याचा. बारीक आणि हलकी केबल घ्यायची, आवरण टणक एचडीपीईचं, किंवा ज्याच्या प्लास्टिकमध्येच सरकवणारं रसायन मिसळलेलं असतं असं. ते रसायन हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि केबल स्वतःच निसरडी राहते. केबल खरेदी करण्याआधी हा प्रश्न विचारला असता तर तो सगळ्यात शहाणपणाचा ठरला असता. चार किलोमीटरचा ड्रम दारात उभा असताना तो विचारून उपयोग नव्हता.

उरलं ते कष्टाचं काम. अडथळा शोधायचा, नळी धुवायची, योग्य वंगण घालायचं, ड्रम ५ वर न्यायचा आणि ताण मोजत ओढायचं. पण ड्रम ५ वर न्यायचा तर ३ वर केबल कापावी लागणार, कारण ३ ते १ ती आधीच आत गेलेली. कापायची म्हणजे एक जॉइंट वाढणार. ग्राहकाच्या अधिकाऱ्यांना ते पटत नव्हतं. “अखंड लाइन म्हणून चार किलोमीटरचा ड्रम घेतला ना?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी म्हटलं, चांगल्या जॉइंटला एक दशांश डेसिबलसुद्धा जात नाही, आणि १ ते २ मधली केबल आत्ताच त्याहून जास्त खाते आहे. ओटीडीआरची दोन्ही चित्रं समोर ठेवली. त्यांनी एक रात्र मागून घेतली आणि सकाळी होकार दिला.

प्रत्यक्ष काम

केबल आधी उलटी ओढून बाहेर काढली. तिच्या टोकाला, ओढायच्या कडीच्या मागे, आवरणावर एकाच बाजूने खरवडल्याची रेघ होती. ही रेघ वळणाने पाडलेली नव्हती. वळणावर पट्टा घासतो, रेघ धारेने पडते.

मग फायबरग्लासचा रॉडर, म्हणजे लांब लवचिक काठी, दोन्ही बाजूंनी घातला. ४ कडून ४१२ मीटरला अडला, ५ कडून २२६ मीटरला. बेरीज ६३८. चेंबर ते चेंबर ६४०. म्हणजे अडथळा दोन मीटरच्या आत, आणि तो कुठे ते रस्त्यावर टेप धरून खडूने दाखवता येत होतं. मला हे मोजमाप फार आवडतं, कारण त्याला कुठलंही यंत्र लागत नाही, फक्त दोन्ही टोकांनी विचारायची तयारी लागते. त्या एका खड्ड्याची परवानगी तीन दिवसांत मिळाली.

खड्ड्यात निघालं ते असं. कधीतरी पाण्याची लाइन टाकणाऱ्यांनी डक्ट खाली दाबून तिच्यावरून आपला पाइप नेलेला. नळी लंबगोल झालेली आणि अगदी तिथेच कपलर. तो उघडला तेव्हा आत डक्टचं टोक करवतीने तिरपं कापलेलं दिसलं, कडेला प्लास्टिकची कुसळं तशीच. डक्ट कटरने काटकोनात कापून आतली कड घासायला दोन मिनिटं लागतात. कोणीतरी ती दोन मिनिटं वाचवली होती. बारीक दोरी त्या फटीतून जात होती, कडी आणि केबल जात नव्हती. दीड मीटरचा नवा तुकडा दोन कपलरने बसवला आणि पाण्याच्या पाइपापासून हातभर अंतर ठेवून वाळूत पुरला.

धुण्यासाठी ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर आणला, विहिरींना सुरुंगाची भोकं पाडणारे वापरतात तो. आपल्या भागात तो शोधावा लागत नाही. पाणी सोडून मागून स्पंजचे गोळे हवेने पाठवले. पहिला गोळा पलीकडे निघाला तेव्हा आधी राखाडी चिखलाची पिचकारी, मग गोळा. असा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा येतो, त्यामुळे नळीसमोर उभं राहायचं नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगितलं. तात्यांनी मार्केट यार्डातून हळदीचं रिकामं पोतं आणून नळीच्या तोंडाला बांधलं होतं. सात-आठ गोळ्यांनंतर पोतं झटकलं. नदीचा मऊ गाळ, शिंपल्यांचे तुकडे आणि अर्धी विडी. ती विडी आत कशी गेली, यावर टोळीत संध्याकाळपर्यंत चर्चा चालली. शेवटचे दोन गोळे जवळजवळ कोरडे आले. मग आतल्या व्यासाच्या ऐंशी टक्के जाडीचा लाकडी लोलक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, तेव्हा कुठे नळी मोकळी म्हटली.

गाळाने वंगणाचा तो ‘कायम’ थर पूर्ण खाल्ला होता की नुसता झाकला होता, हे मी सांगू शकत नाही. धुतल्यावर बोट फिरवलं तर थोडा निसरडेपणा होता, नव्या नळीसारखा नव्हता. म्हणून केबलसाठीच बनवलेलं, पाण्यात मिसळणारं जेल घेतलं. ६४० मीटरला पंधरा लिटर. त्यातलं दहा-बारा लिटर ५ कडून आधीच आत ओतून मागून स्पंज ओढला, म्हणजे ते पूर्ण लांबीवर पसरलं. बाकीचं केबल आत शिरताना तिला हाताने माखायला ठेवलं. वंगण केबलच्या पुढे हवं. नुसतं केबलला फासलं तर पहिल्या वळणावरच पुसलं जातं.

दोरीही बदलली. आधीची प्लास्टिकची होती. ताणाखाली ती वळणाला करवतीसारखी कापते आणि नळीच्या भिंतीत चर पाडते, मग केबल त्या चरात अडकते. तिच्या जागी पॉलिस्टरची चपटी पट्टी घातली. कडी आणि पट्टीमध्ये पीळ काढणारी फिरती भिंगरी आणि २०० किलोला तुटणारी पिन. केबलची मर्यादा २७०, म्हणून आधी पिनने तुटायचं.

आणि ताण मोजायचा कसा? तो काटा ठेकेदाराकडे नव्हता. भंगाराच्या दुकानातून लटकता डिजिटल वजनकाटा भाड्याने आणला. चेंबर ४ शेजारच्या खांबाला काटा, काट्याला कप्पी, आणि पट्टी कप्पीवरून उलट फिरवून माणसांच्या हातात. कप्पीवर दोन्ही बाजूंचा ताण येतो, म्हणून काट्यावरचा आकडा निम्मा करायचा. टोळीतल्या सगळ्यात धाकट्या पोराला ते काम दिलं. दर पंचवीस मीटरला तो आकडा ओरडायचा आणि मी लिहायचो.

पहाटे साडेपाचला सुरुवात केली, ऊन चढल्यावर आवरण मऊ पडतं म्हणून. ५ वरच्या गल्लीत ड्रम जॅकवर उभा करायला आदल्या रात्रीचे तीन तास गेले होते, दोन दुकानांच्या पायऱ्यांवर फळ्या टाकून. तात्या स्वतः ड्रमवर. ओढायची हाक ४ वरून फोनवर यायची, पण ड्रम आधी फिरायचा आणि ओढ मागून, असा त्यांनी तालच बसवला.

पहिल्या शंभर मीटरला, म्हणजे तिन्ही वळणं पार होईपर्यंत, आकडा नऊ किलोच्या वर गेला नाही. चारशेला एकतीस. ४ च्या तोंडाशी चौसष्ट. पाच माणसं होती, त्यातली दोन मध्येच चहा आणायला गेली होती.

निष्पत्ती

५ कडून ४, तिथे पुन्हा आठचा आकडा, मग ४ कडून ३. हे सगळं त्याच दिवशी दुपारी दोनपर्यंत संपलं. ५ ते ६ दुसऱ्या दिवशी. ३ वर जॉइंट केला. ओटीडीआरवर ३ ते ६ ची रेघ १५५० वरही फुटपट्टीने आखल्यासारखी आली.

१ ते २ मधली दुखावलेली केबल राहिली होती. ग्राहकाने ती स्वीकारली नाही आणि मी त्यांना तसाच सल्ला दिला होता. ड्रमवर साधारण आठशे मीटर केबल शिल्लक होती. त्यातून तो ५२० मीटरचा टप्पा नव्याने घातला, पुन्हा धुऊन आणि वंगण घालून. त्यामुळे २ वर आणखी एक जॉइंट झाला आणि ग्राहकाने पुढच्या दुरुस्त्यांसाठी राखलेली केबल जवळपास संपली. त्या ५२० मीटरचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापले. तो माझ्यावर काही दिवस नाराज होता.

काम ठरल्यापेक्षा सोळा दिवस उशिरा झालं. त्यातले दीड दिवस साबण-शंखजिऱ्यात, तीन परवानगीत, दोन केबल परत गुंडाळण्यात. उरलेल्यांपैकी बरेचसे आम्ही कोणाचं बरोबर यावर वाद घालण्यात घालवले.

काय वेगळं करता आलं असतं

नळीची तपासणी केबल घेण्याच्या आधी व्हायला हवी होती, हे सरळच आहे. रॉडर, स्पंज आणि लोलक सगळ्या टप्प्यांतून आधी फिरवले असते तर ४१२ वा मीटर आम्हाला कागदावर सापडला असता, आणि ब्लोइंग की ओढणं, जाड केबल की बारीक, हेही तेव्हाच ठरलं असतं. ही चूक ग्राहकाइतकीच माझी. ‘पीएलबी आहे’ या शब्दावर मी विसंबलो.

चेंबरमध्ये डक्टची तोंडं उघडी होती. रबरी एंड प्लग लावलेले असते तर दोन पूर येऊनही आत एवढा गाळ आला नसता. आता प्रत्येक तोंडाला प्लग आहे, आणि जिथून केबल बाहेर येते तिथे केबलसकट बंद होणारा.

जेसीबीच्या दिवशी मी जेवायला गेलो, याबद्दल स्वतःला फार दोष देत नाही. पण ‘जास्तीत जास्त किती ओढायचं’ हा आकडा मी टोळीला सांगितलाच नव्हता, त्याबद्दल देतो. तात्यांना २७० किलोचा आकडा माहीत असता तर त्यांनी बकेटला दोरी बांधू दिली असती का, हे मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “आकडा म्हाईत न्हवता, पर हाताला कळत हुतं.” मग थांबवलं का नाही? त्यावर ते नुसते हसले. घाई मालकाची होती.

एका मुद्द्यावर ठेकेदाराचं आणि माझं अजून जमत नाही. माझ्या मते गळके कपलर शोधून नळी हवाबंद करायला हवी होती आणि ब्लोइंगच करायला हवं होतं. तसं केलं असतं तर मधले आठचे आकडे, तीस माणसांची मजुरी आणि कदाचित दोन्ही जॉइंट वाचले असते. तो म्हणतो, सहा खड्डे कोण देणार होतं? त्याच्याकडे उत्तर आहे, माझ्याकडे नाही. पण उद्या या नळीशेजारी दुसरी टाकायची झाली तर हा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

ड्रमच्या जागेचा निर्णय मात्र वादाचा नाही. आता कुठल्याही लाइनच्या नकाशावर मी आधी वळणं मोजतो आणि ती कुठल्या चेंबरच्या जवळ आहेत त्यावर लाल खूण करतो. ड्रम तिथे. जागा अडचणीची असेल तर आदल्या रात्रीचे तीन तास आधीच धरतो.

चेंबर ५ मध्ये सध्या पंधरा मीटरचं वेटोळं आणि नवी पट्टी ठेवलेली आहे. त्यापासून २२६ मीटरवर नवा तुकडा जिथे पुरला, तिथे वर इशारा पट्टी टाकून जागा नकाशात नोंदवली आणि नकाशाची प्रत पाणीपुरवठ्याच्या ठेकेदारालाही दिली. त्याच गल्लीत त्यांचं पुढचं काम दिवाळीनंतर निघणार आहे.